'माझे शहर' निबंधातून शहरातली माणसं कुठे गेली?



'माझे शहर' हा निबंध आपण सगळ्यांनी लहानपणी लिहिला आहे आणि आता आपणच तो मुलांकडून लिहून घेतो. रत्नागिरीतल्या कुठल्याही शाळेत चौथी-पाचवीच्या वह्या तपासायला घ्या. पहिल्या सहा ओळी वही न उघडता सांगता येतात. रत्नागिरी हे अरबी समुद्राच्या काठी वसलेले सुंदर शहर आहे. येथे लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. येथे थिबा राजवाडा आहे. रत्नदुर्ग किल्ला आहे. येथील हापूस आंबा जगप्रसिद्ध आहे. मला माझे शहर खूप आवडते. झाला निबंध! दहापैकी आठ गुण.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण गंमत बघा, रत्नागिरीत कधी पाऊल न ठेवलेलं मूलसुद्धा हा निबंध असाच्या असा लिहू शकेल. आणि आणखी एक गोष्ट लक्षात येते का? या शहरात आज कोणी राहतच नाही! एक महापुरुष, एक परदेशी राजा, एक किल्ला आणि एक फळ. ज्या मुलाने तो लिहिला त्याची आई, त्याचे बाबा, शेजारची काकी, रिक्षावाले मामा यांच्यापैकी कोणालाही त्या दहा ओळींत जागा नाही.

माझं मत सरळ आहे. 'माझे शहर' हा निबंध आपण माणसांपासून सुरू करायला हवा. स्थळं, किल्ले, फळं त्यामागून येतील. हे मी भाषेच्या गुणांसाठी म्हणत नाही. आपल्या वर्गातल्या काही मुलांना 'हे शहर माझंही आहे' असं वाटणार की नाही, हे यावर ठरतं.

शहर सकाळी कोण उघडतं?

रत्नागिरी काही फार मोठं शहर नाही. २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे ७६ हजार लोक होते. मुंबई-गोवा महामार्गही शहरातून जात नाही, तो हातखंब्यावरून जातो. रेल्वे स्टेशन कुवारबावला, म्हणजे गावाबाहेर. त्यामुळे इथे माणूस सहज जाता जाता येत नाही, काहीतरी कामानेच येतो. अशा मध्यम आकाराच्या शहराचा एक फायदा असतो. चौथीच्या मुलाला ते जवळजवळ सगळं पाहता येतं.

मुलांना एकच प्रश्न विचारा : "सकाळी आपलं शहर कोण उघडतं?" बघा किती हात वर होतात. मिरकरवाड्याचं मूल सांगेल, पहाटे बंदरात बोटी लागतात, बर्फाच्या गाड्या येतात, लिलावाचा आवाज घरापर्यंत ऐकू येतो. बांगडा, सुरमई, म्हाकूळ, कोळंबी, कोणती मासळी कोणत्या महिन्यात जास्त येते हे त्याला पाठ न करता येतं. आईबरोबर बाजारात पाटी घेऊन बसणारी मुलगी भाव कसा करायचा हे आपल्यापेक्षा चांगलं सांगेल. एसटीत वाहक असलेल्या आईचा मुलगा पहिली गाडी किती वाजता सुटते ते सांगेल. कुणाचे आजोबा फुलांच्या माळा करतात, कुणाची आई चार घरी पोळ्या लाटते, कुणाचे बाबा कोर्टात शिपाई आहेत.

समुद्रावर जाणारे खारवी, भंडारी, दालदी मुसलमान; बागायतदार आणि त्यांच्या बागेत राबणारे; जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे बदली होऊन आलेले नोकरदार; शिकायला आलेली मुलं. हे सगळे मिळून रत्नागिरीकर. ही यादी आपल्या पटावरच असते. हजेरी घेताना आपण ती रोज वाचतो.

प्रसिद्ध नावं टाकून द्यायची का?

नाही हो, अजिबात नाही. पण त्यांच्याकडेही माणूस म्हणून बघूया.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ ला इथे झाला, हे प्रत्येक मुलाला येतं. पण त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते, १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि बाळ दहा वर्षांचा असताना हे कुटुंब रत्नागिरी सोडून गेलं, हे किती जणांना माहीत असतं? बदलीमुळे शाळा सुटलेलं मूल आपल्या वर्गात दरवर्षी असतं. त्याला हे टिळक एकदम जवळचे वाटतात.

थिबा राजाचंही तसंच. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण बघतो तो राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. निबंध इथे थांबतो. पण खरी गोष्ट पुढे आहे. राजाची नात टूटू रत्नागिरीतच वाढली. तिने इथेच संसार केला, कष्टाचं आणि गरिबीचं आयुष्य काढलं, ती मराठी बोलायची आणि २००० मध्ये ती इथेच वारली. आजोबा परदेशातून कैदी म्हणून आले आणि नात रत्नागिरीकर झाली! राजवाड्याच्या खिडक्या मोजण्यापेक्षा ही गोष्ट मुलांना सांगा. "माणूस एखाद्या गावाचा कधी होतो?" असा प्रश्न मग मुलंच विचारतात.

पतितपावन मंदिराचं घ्या. 'येथे पतितपावन मंदिर प्रसिद्ध आहे', एवढ्यावर मुलं थांबतात. सावरकर इथे स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये हे मंदिर उभं राहिलं आणि ते सर्व जातींना खुलं होतं. आता फक्त एवढंच विचारा : "सगळ्यांना खुलं असं वेगळं मंदिर का बांधावं लागलं?" वर्ग क्षणभर शांत होतो. उत्तर त्यांना आतून कळतं. पाच मिनिटांत इतिहास, नागरिकशास्त्र आणि मूल्यशिक्षण तिन्ही होतात.

आंबा जगप्रसिद्ध आहे, पण तो काढतं कोण?

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते.

'आमचा हापूस जगप्रसिद्ध' हे वाक्य नसलेला रत्नागिरीवरचा निबंध मी अजून वाचलेला नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्गसह कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण मोहोर आल्यापासून फळ पेटीत भरेपर्यंत किती हात लागतात? फवारणी, रात्रीची राखण, झेल्याने एकेक फळ देठासकट काढणं, निवडणं, आढी घालणं, पेट्या भरणं, त्या वाशीच्या बाजारात रवाना करणं. यातले बरेच हात आज नेपाळमधून आलेल्या माणसांचे आहेत. बागेतला राखणदार नेपाळी, बोटीवरचा खलाशी नेपाळी. शेजारच्या कर्नाटकातूनही कामगार येतात.

यांतले काही जण कुटुंबासह राहतात आणि त्यांची मुलं आपल्या शाळांत येतात. मराठी शाळेत, मराठी माध्यमात! आपली स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालणारे आपण, आणि हजारो किलोमीटरवरून येऊन 'अ आ इ ई' गिरवणारी ही मुलं. त्यांच्यासमोर फळ्यावर विषय येतो, 'माझे शहर'. ते मूल काय लिहिणार? शेजारच्याची वही बघून 'आमचा हापूस जगप्रसिद्ध आहे' असं उतरवतं. ज्या फळाची राखण करायला त्याचे बाबा रात्रभर जागतात, त्या फळाबद्दल ते पुस्तकातलं वाक्य लिहितं आणि बाबांना निबंधाबाहेर ठेवतं. आणि आपण लाल पेनाने बरोबरची खूण करतो.

मला हे अस्वस्थ करतं. त्या मुलाकडे खरी माहिती सगळ्यात जास्त असते, पण ती 'निबंधात लिहायची गोष्ट' आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आपले वडील शहराचा भाग नाहीत, हे ते मूल अशा वेळी न बोलता शिकतं. आणि बागायतदाराचा मुलगाही तेच शिकतो, की आंबा आपोआप पेटीत जातो.

आकड्यांमधली माणसं

गणिताच्या तासालाही शहर शिकवता येतं. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती आणि २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. वजाबाकी मुलांनाच करू द्या. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपल्या जिल्ह्यातले सुमारे ८२ हजार लोक कमी झाले! त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. "मग पुरुष गेले कुठे?" असं विचारलं की वर्गातूनच उत्तर येतं : "मुंबईला!"

कुणाचे बाबा, कुणाचा काका, कुणाचा मोठा भाऊ. गणपतीला आणि शिमग्याला येतात ते चाकरमानी. श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा गर्दीत निम्मे चेहरे बाहेरून आलेले असतात. वर्षाचे बाकीचे महिने घर, शेती, म्हातारी माणसं सांभाळणारी आई किंवा आजी असते. तीसुद्धा या शहराची नागरिक आहे, किंबहुना तीच हे शहर चालवते. निबंधात ती कुठे आहे?

आणि मुलांनाही आपण नकळत काय सांगत असतो? 'शिकून मोठा हो', म्हणजे इथून जा. जाणं वाईट नाही, टिळकही गेलेच. पण ज्याला आपलं शहर नीट माहीतच नाही, त्याला परत यावंसं वाटेल असं काय उरतं? शहराजवळच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, भाट्येला नारळ संशोधन केंद्र आहे. समुद्राचा आणि नारळाचा अभ्यास हेही शिक्षणच असतं, हे मुलांना दाखवायला एक परिसर भेट पुरते.

"बाई, मासळीचं काय लिहायचं निबंधात?"

पालकांचे आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत.

पहिला आक्षेप गुणांचा. "परीक्षेत ठरलेले मुद्दे लागतात." मान्य. पण ठरलेले मुद्दे तीन ओळींत बसतात. उरलेल्या सात ओळी मुलाच्या असू द्या. स्वतः पाहिलेलं लिहिणारं मूल दहा ओळींच्या जागी वीस लिहितं, आणि शिष्यवृत्तीच्या उताऱ्यावरचे प्रश्नही त्याला सोपे जातात, कारण वाचताना 'का' विचारायची सवय लागलेली असते.

दुसरा आक्षेप लाजेचा. एका आईने मला सांगितलं होतं, "बाई, मी मासे विकते ते त्याला लिहायला नका लावू, पोरं चिडवतात." ही भीती खरी आहे. म्हणून हा उपक्रम एकट्या मुलावर लादायचा नाही. आधी वर्गात सगळ्याच कामांवर बोलायचं, डॉक्टरांच्या कामावर आणि मासळी विकण्यावर सारख्याच आदराने. कोणत्या कामाला किती वाजता उठावं लागतं, काय काय हिशोब ठेवावा लागतो, चूक झाली तर काय होतं. चिडवणं थांबायला वेळ लागतो, पण शिक्षक स्वतः त्या आईला 'ताई' म्हणून लिलाव कसा चालतो ते विचारायला लागले की वर्गाची नजर बदलते.

तिसरा आक्षेप भाषेचा. मुलं घरची बोली लिहितात. खाडीपट्ट्यातल्या मुसलमान घरांची कोकणी, संगमेश्वरी वळणाची मराठी, खारवी वस्तीतले शब्द. माझं म्हणणं एवढंच, की पहिला मसुदा मुलाच्या भाषेत होऊ द्या. मग आपण मिळून तो प्रमाण मराठीत आणूया. पाखाडी, सडा, वहाळ, आगळ हे शब्द तर राहू द्याच. 'पायऱ्यांची अरुंद वाट' लिहिण्यापेक्षा 'पाखाडी' केव्हाही बरी.

मग करायचं काय?

मी हे सात प्रश्न वापरते. वहीच्या एका पानावर लिहून द्या आणि आठवडाभर वेळ द्या.

१. तुमच्या वाडीचं, आळीचं किंवा नाक्याचं नाव तसं का पडलं? (पेठ किल्ला, साळवी स्टॉप, चर्मालय, मांडवी. घरातल्या मोठ्यांना विचारा.)

२. तुमच्या घरातून सकाळी सगळ्यात आधी कोण बाहेर पडतं? कशासाठी?

३. पावसाळ्यात कोणाचं काम बंद होतं आणि कोणाचं वाढतं?

४. तुमच्या घरातलं कोण बाहेरगावी राहतं? ते कधी येतं?

५. तुमच्या घरी पाणी कुठून येतं? मे महिन्यात काय होतं? (इतका पाऊस पडून जांभ्याच्या सड्यावर पाणी का टिकत नाही, हा विज्ञानाचा धडा इथेच जोडता येतो.)

६. घरी बोलता पण पुस्तकात कधी वाचला नाही, असे पाच शब्द लिहा.

७. शहरात काय बदलायला हवं? ते कोणाला सांगायचं? (नाचणे, कुवारबावची मुलं स्वतःला रत्नागिरीकर म्हणतात, पण तिथे ग्रामपंचायत आहे. नगरपरिषद कुठे संपते, हे नकाशावर शोधू द्या.)

दोन गोष्टी मात्र सांभाळा. घरात पैसे किती येतात हे विचारायचं नाही. आणि ज्या मुलाचे आई किंवा बाबा नाहीत, त्याला 'घरातलं किंवा शेजारचं कोणीही' असा पर्याय आधीच द्या, सगळ्यांसमोर वेगळा नको.

गुण देताना मी असे देते : स्वतः पाहिलेल्या गोष्टींना ४, विचारून मिळवलेल्या माहितीला ३, मांडणीला २ आणि शुद्धलेखनाला १. आकारिक मूल्यमापनात हे सहज बसतं, वेगळं काही करावं लागत नाही.

अशा प्रश्नांतून निबंध कसा तयार होतो याचा एक नमुना देते. वेगवेगळ्या मुलांच्या उत्तरांवरून मी तो जुळवला आहे. कृपया फळ्यावर लिहून देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्या वह्यांत हाच दिसेल!

*माझे शहर रत्नागिरी आहे. माझा जन्म इथे झाला नाही. माझे बाबा बोटीवर खलाशी आहेत. बोट कधी संध्याकाळी येते, कधी चार दिवसांनी येते. बोट आली की आई आधी बाबांचे हात बघते, कारण जाळ्याने हात कापतात. आई मे महिन्यात आंबे निवडायला जाते. चांगले आंबे पेटीत जातात. डागी आंबे आम्हाला मिळतात. तेपण गोड असतात. जून महिन्यात बोटी बंद होतात, मग आम्ही नेपाळला जातो. आम्ही परत येतो तेव्हा शाळा सुरू झालेली असते. माझ्या वहीची पहिली पाने कोरी असतात. शेजारच्या काकी गणपतीत मला मोदक देतात. मला दोन गावे आहेत. रत्नागिरीत समुद्र आहे आणि तिकडे डोंगर आहे. मला पोहता येते, ते मी इथे शिकलो.*

आता सांगा, यात टिळक नाहीत, किल्ला नाही. पण रत्नागिरी आहे की नाही? आणि 'वहीची पहिली पाने कोरी असतात' या एका ओळीने आपल्याला एक कामही दिलं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशांची कुटुंबं गावी जातात आणि नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते. ऑगस्टमध्ये परतणाऱ्या मुलांसाठी पहिल्या दोन महिन्यांचा अभ्यास भरून काढायची सोय शाळेने करायला हवी. एरवी ती मुलं हजेरीपटावर नुसती 'गैरहजर' असतात.

तुम्ही अलिबाग, मालवण, वेंगुर्ल्याला असाल तर हे प्रश्न जसेच्या तसे चालतील. मालेगाव, इचलकरंजीत असाल तर समुद्राच्या जागी माग येईल, बोटीच्या जागी पाळी येईल. प्रश्न तेच राहतात : इथे कोण राहतं, काय काम करतं, कुठून आलं, कोण सोडून गेलं.

पालकांना एकच विनंती. या आठवड्यात मूल तुमच्याजवळ वही घेऊन आलं आणि "तू दिवसभर काय करतेस?" असं विचारू लागलं, तर "जा, गाईडमधून लिही" असं म्हणू नका. दहा मिनिटं बसा आणि सांगा. आणि शिक्षकांनो, पुढच्या वेळी फळ्यावर 'माझे शहर' लिहाल तेव्हा खाली मुद्दे देण्याआधी वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाला पहिलं बोलू द्या.